बेलोऱ्याचे दार एक, मुंबईची तीन

दर्यापूर तालुक्यातील एक काकाजी आणि काकू लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला निघाले. जन्मात पहिल्यांदाच विमान. रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरले आणि टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने विचारले, कोणते विमानतळ? काकाजींनी छातीठोकपणे सांगितले, सांताक्रूझ. तिथल्या फाटकावर जवानाने तिकीट पाहिले आणि परत हातात दिले. हे तिकीट टी २ चे, म्हणजे सहारचे! पुन्हा टॅक्सी, पुन्हा मुंबईची गर्दी. पोहोचेपर्यंत सामान घेणारी खिडकी बंद झाली होती. तिकीट बुडाले, आणि ऐन वेळी काढलेले दुसरे दुपटीहून महाग पडले.

"इमान तं देशातलंच होतं नं बाप्पा, मंग मले काय मालूम सहारले जा लागते म्हून," असे काकाजी अजूनही म्हणतात.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. एके काळी नियम तोच होता. देशातले विमान सांताक्रूझला, परदेशाचे सहारला. गावोगावी हेच ठाऊक आहे आणि मुंबईत राहणारे भाचे-पुतणेही कधी कधी हेच सांगतात. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये सहारला नवे टर्मिनल २ सुरू झाले आणि पुढे देशातली कितीतरी विमानेही तिकडून उडू लागली. धावपट्ट्या दोघांच्या सामाईक, पण दारे वेगळ्या दिशांना. एका दारातून दुसऱ्या दारात जायचे तर बाहेरच्या रस्त्याने काही किलोमीटरचा फेरा पडतो. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोन वावरांची वाट वेगवेगळ्या गावांतून यावी, तसा हा प्रकार आहे.

त्यात आता तिसरे दार उघडले. पनवेल-उलव्याकडच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागली. तिकीट तिथले असेल तर दादरपर्यंत जाण्याचे कारणच नाही, ठाणे-कल्याणकडून ते जवळ पडते. चुकून सहारला गेलात तर पुढे पस्तीस-चाळीस किलोमीटर. मग विमान मिळण्याची आशा सोडावी.

आपल्या बेलोऱ्याला ही भानगड नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथे मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले. इमारत एक, दार एक, बाहेर उभ्या माणसाला आतली हालचाल दिसते. अकोल्याच्या शिवणी विमानतळाचे घोडे धावपट्टीच्या जागेपायी वर्षानुवर्षे अडले, तो वेगळा विषय. सांगायचे एवढेच, की बेलोऱ्याच्या अनुभवावर मुंबईत वावरू नये.

गावात तिकीट वाचून दाखवायचे काम बहुधा ग्रामसेवक, तलाठी किंवा शाळेच्या मास्तरांवर येते. त्यांनी तारीख आणि वेळ पाहून कागद परत देऊ नये. शहराच्या नावाजवळ तीन इंग्रजी अक्षरे असतात. बीओएम म्हणजे जुनी मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बीओएम असेल तर शेजारी टी १ की टी २ ते पाहावे आणि लाल शाईने गोल करून द्यावा. तिकीट महिनाभर आधी काढले असेल तर निघायच्या आदल्या दिवशी कंपनीला फोन करून पुन्हा विचारावे. टर्मिनल १ पाडून नवे बांधण्याचे ठरले आहे, त्यामुळे अदलाबदल होऊ शकते.

टॅक्सी नको असेल तर भुयारी मेट्रो आहे. रेल्वेने थेट सीएसएमटीला उतरावे आणि तिथूनच आरेकडे जाणारी गाडी धरावी. टी १ आणि टी २ अशी दोन वेगळी स्थानके आहेत. मात्र एक गोम आहे. याच मार्गावर 'सांताक्रूझ' आणि 'सहार रोड' अशीही स्थानके लागतात. नाव ओळखीचे वाटले म्हणून तिथे उतरू नये! रात्री उशिरा मेट्रो बंद असते आणि परदेशाची बरीच विमाने रात्रीच सुटतात, हेही ध्यानात ठेवावे.

टर्मिनल २ ला जाणाऱ्याची गाडी वरच्या मजल्यावर थांबते. दारात जवान तिकीट आणि आधार कार्ड पाहतो, परदेशी जायचे तर पासपोर्ट. आत कंपनीच्या नावाची खिडकी शोधून सामान द्यावे. तिथे मिळालेल्या चिठ्ठीवर गेटचा नंबर असतो. तो बदलू शकतो. बडनेऱ्याला भोंगा सारखा ओरडत असतो, म्हणून आपल्याला कानाने प्रवास करायची सवय. मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाचा पुकारा होतोच असे नाही. दर पंधरा मिनिटांनी टीव्हीसारख्या फळ्यावर आपल्या विमानाचा नंबर पाहावा. गेटपर्यंत चालणे पुष्कळ असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. देशात जायचे तर दोन तास आधी आणि परदेशी जायचे तर तीन तास आधी दारात असावे.

अभ्यास दौऱ्यावर किंवा लेकराबाळांकडे जाणाऱ्यांना दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. तिथे काही गेटांपर्यंत जायला आतल्या आत रेल्वे आहे. पुढे चाललेल्या गर्दीमागे जाऊ नये. ती गर्दी बाहेर पडणाऱ्यांची असू शकते.

काकूंच्या हातातल्या पिशवीत अडकित्ता नको, तो जप्त होतो. खोबऱ्याच्या वाट्या तर मोठ्या बॅगेतही चालत नाहीत. त्यात तेल असते आणि ते पेट घेते, म्हणून मनाई आहे.

परदेशातून मुंबईत उतरून पुढे बेलोऱ्याला यायचे असेल तर सामान मुंबईतच ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावे लागते आणि पुन्हा खिडकीवर द्यावे लागते. पुढचे विमान कोणत्या टर्मिनलचे, ते आधी पाहावे. मुंबईत कोणी घ्यायला येणार असेल तर त्यालाही टर्मिनल सांगून ठेवावे. आणि त्याने सोडायला आला होता त्या वरच्या मजल्यावर वाट पाहत उभे राहू नये, येणारी माणसे खालच्या मजल्यावरून बाहेर पडतात.