मलमलीच्या पिंजऱ्यातले लोखंड

लंडनच्या सदबीज लिलावघरातून रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये ४७ लाख १५ हजार रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा पहिले रघुजी यांचे निधन १७५५ चे. तलवारीचे पाते युरोपात घडलेले आणि त्याच्या पाठीवर सोन्याचा देवनागरी लेख. चर्चा झाली ती किमतीची आणि स्वागताची. मला सर्वांत थक्क केले ते याने, की पोलादावरचा तो लेख आजही लख्ख वाचता येतो.

अशा तलवारी फक्त राजघराण्यांकडे नव्हत्या. ज्या मुलखात सुपे परगणा होता, इंदापूरसारख्या गावी मालोजीराजांची गढी आहे, तिथल्या जुन्या वाड्यांत देवघरामागे, माळ्यावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत एखादी तलवार, कट्यार, बिचवा असणारच. दसरा जवळ आला की त्या बाहेर निघतात आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. कोकणात गंज चढला तर समजू शकतो, पण बारामती-इंदापुरात बंद म्यानातली तलवार का गंजते?

शाळेतला तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आठवा. एकीत खिळे आणि साधे पाणी, दुसरीत उकळलेले पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कॅल्शियम क्लोराइडने कोरडी केलेली हवा. गंज चढतो तो फक्त पहिलीतल्या खिळ्यांना. म्हणजे हवा आणि पाणी, दोन्ही हवीत. निष्कर्ष चोख आहे, पण घरातल्या तलवारीला तो पुरत नाही, कारण तलवार कुणी पाण्यात ठेवत नाही. तिच्या बाबतीत तिसरे पात्र निर्णायक ठरते आणि ते शोधणाऱ्या माणसाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच नाही.

डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन हा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ. १९२० च्या दशकात धातू साध्या हवेत कसे खराब होतात याचा अभ्यास त्याने चिकाटीने केला. लोखंडाचे सारखे तुकडे घेऊन त्याने काही खोलीत उघडे टांगले आणि काहींभोवती मलमलीच्या कापडाचा एकपदरी पिंजरा उभा केला. मलमल ती, हवा अडवत नाही आणि ओलावाही अडवत नाही. तरीही महिने उलटले तेव्हा उघडे तुकडे गंजलेले होते आणि पिंजऱ्यातले जवळजवळ स्वच्छ! कापडाने अडवली होती फक्त हवेतली धूळ.

इतका साधा, इतका स्वस्त आणि इतका निरुत्तर करणारा प्रयोग विज्ञानात क्वचित सापडतो. पुढे १९३० च्या दशकात व्हर्ननने आणखी एक गोष्ट दाखवली. हवेत गंधकाच्या डाय-ऑक्साइडचा दहा हजारांत एक भाग मिसळला आणि आर्द्रता हळूहळू वाढवत नेली. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत लोखंडाला फारसे काही झाले नाही. ती रेषा ओलांडताच गंजण्याचा वेग एकदम उसळला. गंज आर्द्रतेच्या प्रमाणात सावकाश वाढत जात नाही, त्याला उंबरठा असतो, ही आजच्या प्रत्येक संग्रहालयाच्या साठवणीमागची कल्पना व्हर्ननची आहे. गंजाच्या विज्ञानाचा जनक म्हणून केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्सचे नाव सगळीकडे घेतले जाते आणि तो मान त्याचाच. पण व्हर्ननचे नाव तळटिपेत राहिले, हे मला मनापासून खटकते.

धूळ एवढे का करते? आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. बाहेर पाऊस नसला तरी मीठ ओले होते. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून त्यातच विरघळते. मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच पाझरू लागते. पात्यावर बसलेला प्रत्येक क्षारकण म्हणजे अशी एक सूक्ष्म बरणी. आपल्याला कोरडे दिसणारे पाते त्या कणाखाली ओले असते.

आता बारामती-इंदापूरकडे पुन्हा पाहू. पाऊस कमी असला तरी पावसाळ्यातल्या पहाटेची आर्द्रता इथे सहज ८० टक्क्यांवर जाते. त्यात १८८५ पासून नीरा डावा कालवा वाहतो आहे, १९८० पासून उजनीचे पाणी भिगवण-पळसदेवपर्यंत पसरले आहे आणि मध्ये उसाचे फड आहेत. हिवाळ्यातही पहाटे दव पडते आणि थंड पत्र्याच्या ट्रंकेत ते आतल्या बाजूनेही धरते. धुळीचे म्हणाल तर कालव्याकाठच्या चोपण जमिनीवर पांढरे क्षार फुललेले इथल्या शेतकऱ्याने कितीदा पाहिलेत. गाळप हंगामात चिपाडाची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तीही क्षारयुक्तच. उंबरठा आणि धूळ, दोन्ही आपल्याकडे हजर आहेत.

आणि बोटांचे ठसे. घामात मीठ असते. दसऱ्याला पाहुण्यांनी हौसेने पात्यावरून बोट फिरवले की महिन्याभरात तिथे तांबूस ठसा उमटतो, अगदी रेघांसकट. इव्हान्सने लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला होता. रंग बदलणाऱ्या रसायनांमुळे थेंबाचा मध्य निळा झाला आणि कड गुलाबी. कडेला प्राणवायू भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. या फरकामुळे थेंबाचा एक छोटा विद्युतघट बनतो आणि लोखंड विरघळते ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी आहे तिथे. जुन्या पात्यावर दिसणारे टोचल्यासारखे खड्डे असे झालेले असतात. वरचा गंज पुसला तरी ते भरून येत नाहीत.

म्हणून सांगायची पहिली गोष्ट अशी, की म्यान ही तलवार वागवण्याची जागा आहे, वर्षभर ठेवण्याची नव्हे. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार असतात, लाकडातून आम्लाची वाफ सुटते, मखमल ओलावा धरून ठेवते. जपानी लोकांनी वागवणे आणि ठेवणे ही दोन कामे वेगळी ओळखून दोन म्याने केली. मिरवायचे लाखेचे वेगळे, घरात ठेवायचे साध्या, न रंगवलेल्या मॅग्नोलियाच्या लाकडाचे वेगळे. आपण म्यान आणि पाते एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्याकडे हाताशी असलेले खोबरेल, करडईचे किंवा जवसाचे तेल लावायची रीत. खाद्यतेल हवेत खवट होते, त्यात आम्ले तयार होतात. करडई आणि जवस तर सुकून चिकट, पिवळा थर धरतात आणि त्यावर धूळ पक्की बसते. खनिज तेल, म्हणजे शिलाई मशीनचे तेल, असे खवट होत नाही. त्याहून टिकाऊ म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात असे मेण संग्रहालयातल्या वस्तूंसाठी तयार झाले आणि आजही संवर्धक ते वापरतात. आधीचे चिकट तेल रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनने पुसायचे, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि समईपासून लांब. मग मेणाचा किंवा तेलाचा इतका पातळ थर, की बोट लावले तर जेमतेम जाणवावा.

‘एकदा मारा, कायमचे गंजमुक्त’ असे सांगणाऱ्या फवाऱ्यांवर माझा विश्वास नाही. डब्ल्यूडी-४० चे नावच पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या सूत्रावरून पडले आहे. ते काम तो चांगले करतो, पण मागे राहणारा थर पातळ असतो आणि वर्षभराची साठवण त्याच्या भरवशावर सोडू नये. गंजरोधक वाफ सोडणारे कागद आणि प्लास्टिक हे मात्र खरेच काम करणारे विज्ञान आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत आरॉन वाख्टर आणि सहकाऱ्यांनी ते पुढे आणले आणि वाहनांचे सुटे भाग आज अशाच पिशव्यांतून परदेशी जातात. पण ते निव्वळ लोखंडासाठी. मुठीवर पितळ, चांदी किंवा हस्तिदंत असेल तर त्या वाफेचा प्रयोग घरी करू नका.

सिलिका जेलची पुडी उघड्या कपाटात टाकून उपयोग नाही. घट्ट झाकणाची प्लास्टिकची लांब पेटी घ्या, आत पुड्या ठेवा, सोबत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० च्या आसपास राहिला तर निर्धास्त राहा. ५० कडे सरकू लागला की पुड्या ओव्हनमध्ये तापवून पुन्हा कोरड्या करा.

खंडेनवमीची पूजा जरूर करा. हळद, कुंकू, गंध आणि झेंडूची फुले ओलावा घेऊन येतात, लिंबाचा रस तर थेट आम्ल आहे. तेव्हा हळदकुंकवाची बोटे पाटावर, म्यानावर किंवा मधल्या कापडावर लावा आणि संध्याकाळीच पाते पुसून, कोरडे करून ठेवा.

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. गंज दिसला म्हणून लिंबू, चिंच, राख, पॉलिश पेपर यांपैकी काहीही पात्यावर घासू नका. जुन्या पोलादात उमटणारी लाटांसारखी जौहराची नक्षी आणि सोन्याचे लेख पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात असतात आणि एकदा घासले की ते परत येत नाहीत. पाते जुने आहे असा नुसता संशय असला तरी आधी प्रशिक्षित संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.