विज्ञानमालिका : काय पाहावें आणि कसें पाहावें

निसर्ग आणि विज्ञान या विषयांवरील दूरचित्रवाणीमालिकांची संख्या आज इतकी वाढली आहे कीं, त्यांतली कोणती पाहावी हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतहि पडतो. मुलांच्या हितासाठीं म्हणून आईबाप जें लावून देतात, त्यांत पुष्कळदां नेत्रसुख फार आणि ज्ञान थोडें असतें. सिंहानें हरणावर घातलेली झडप शंभर वेळां पाहिली, म्हणजे सिंहाविषयीं शंभरपट कळतें असें नाहीं. तेव्हां निवड करतांना एक कसोटी हातीं धरणें बरें : ही मालिका नुसतें ‘काय आहे’ तेवढेंच सांगते, कीं ‘तें कसें कळलें’ हेंहि दाखविते?

या कसोटीस उत्तम रीतीनें उतरणारी मालिका म्हणजे १९८० सालची ‘कॉसमॉस’. अमेरिकन ज्योतिर्विद कार्ल सेगन यांनीं ती १३ भागांत सादर केली. सुमारें २२०० वर्षांपूर्वीं एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानें पृथ्वीचा परीघ कसा मोजला, तें पहिल्याच भागांत पाहावयास मिळतें. इजिप्तमधील सायनी येथें उत्तरायण संपतें त्या दिवशीं भर माध्यान्हीं उभ्या काठीची सावली पडत नाहीं. अलेक्झांड्रियांत मात्र ती पडते. सूर्य अतिशय दूर असल्यामुळें त्याचे किरण समांतर येतात; पृथ्वी सपाट असती, तर दोन्ही ठिकाणीं सारखीच स्थिति दिसली असती. सेगन नकाशावर दोन लहान काठ्या उभ्या करून तो वांकवितात, आणि सावल्यांतील फरक डोळ्यांसमोर उभा राहतो. हा फरक सुमारें ७ अंशांचा, म्हणजे वर्तुळाचा जवळजवळ पन्नासावा हिस्सा. दोन शहरांतील अंतर सुमारें ८०० किलोमीटर. त्याची ५० पट केली कीं ४०,००० किलोमीटर हा परीघ मिळतो. येथें प्रेक्षकाला केवळ एक आकडा मिळत नाहीं. त्या आकड्यापर्यंत जाणारी वाट मिळते.

दुसरी मालिका १९७३ सालची. जेकब ब्रोनोव्स्की या गणितज्ञांनीं बी.बी.सी.साठीं केलेली ‘द असेंट ऑफ मॅन’ हीहि १३ भागांची आहे. तिच्या अकराव्या भागाचा विषय ज्ञान आणि निश्चिति यांतील भेद हा आहे. कोणतेंहि मापन कितीहि काळजीनें केलें, तरी त्यांत थोडी चूक राहतेच, आणि ही मर्यादा मान्य करणें हेंच शास्त्राचें बळ होय, असें ते समजावून सांगतात. शेवटीं ते ऑशविट्झच्या छळछावणींतील तळ्याकाठीं येतात. जाळलेल्या माणसांची राख त्या तळ्यांत टाकली जात असे. ब्रोनोव्स्कींच्या कुटुंबांतील अनेकजण त्याच छावणींत मृत्यु पावले होते. ते बूट घालूनच पाण्यांत शिरतात आणि तळचा चिखल ओंजळींत घेतात. आपण कधींच चुकूं शकत नाहीं अशी ज्यांची खात्री असते, ते माणसांशीं कसे वागतात, हें त्यानंतर वेगळें सांगावें लागत नाहीं.

सजीवसृष्टीची ओळख क्रमानें करून घ्यावयाची असेल, तर डेव्हिड ॲटनबरो यांची १९७९ सालची ‘लाइफ ऑन अर्थ’ आधीं पाहावी. एकपेशीय जीवांपासून मनुष्यापर्यंतची उत्क्रांति तिनें १३ भागांत मांडली आहे. भारतांतील विज्ञानाचा इतिहास चंदिता मुखर्जी यांच्या ‘भारत की छाप’ या मालिकेंत आहे. ती १९८९ मध्यें दूरदर्शनवर दाखविली गेली. त्यानंतर आलेल्या ‘टर्निंग पॉइंट’मध्यें प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरें देत. सामान्य माणसाची शंका त्यांनीं कधीं क्षुल्लक मानली नाहीं.

तथापि उत्तम चित्रणहि डोळे मिटून स्वीकारूं नये. १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटांत लेमिंग नांवाचे उंदरासारखे प्राणी आपण होऊन कड्यावरून उड्या घेतांना दिसतात. वस्तुतः त्यांना कड्यावरून ढकलण्यांत आलें होतें. १९८२ मध्यें कॅनडांतील दूरचित्रवाणीनें हा प्रकार उघडकीस आणला. लेमिंग सामुदायिक आत्महत्या करतात हा भ्रम मात्र अद्याप पुरता गेलेला नाहीं. २०११ सालच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’मधील पांढऱ्या अस्वलाच्या नवजात पिल्लांचें दृश्य बर्फाळ प्रदेशांतलें नव्हतें, तर नेदर्लंड्समधील एका प्राणिसंग्रहालयांतलें होतें. शिवाय जुन्या मालिकांतील कांहीं आंकडेहि बदलतात. ‘कॉसमॉस’मध्यें विश्वाचें वय १५०० कोटी वर्षें धरलें आहे, आज तें सुमारें १३८० कोटी वर्षें मानलें जातें. ही मालिकेची नामुष्की नव्हे. शास्त्र पुढें गेल्याची ती खूण आहे, आणि तीहि मुलांना दाखवून द्यावी.

म्हणून आठवड्यास एकच भाग पाहावा, घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पाहावा, आणि संपल्यावर ‘हें कशावरून?’ असें एकमेकांस विचारावें. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो कीं, सूर्य माध्यान्हीं थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. जुलैंत बहुधा ढग आड येतात; मेमध्यें आकाश पुष्कळदां निरभ्र असतें. त्या दिवशीं मुलांना गच्चीवर नेऊन एक सरळ काठी उभी करण्यास खर्च कांहींच लागत नाहीं.