बॉबीचा पट्टा

मुलांनो, एडिंबराच्या सहलीत ग्रेफ्रायर्स बॉबीच्या पुतळ्यापाशी फोटोसाठी तुमची केवढी झुंबड उडाली होती! त्याची गोष्ट तुम्हांला पाठच आहे. मालक जॉन ग्रे १८५८ साली वारला आणि हा केसाळ कुत्रा १८७२ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, त्याच्या थडग्यापाशी राहिला. तो मालकासाठी बसे की लोक देत त्या खाऊसाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे. आम्हां पालकांना मात्र पट्ट्याची गोष्ट जास्त आवडली.

त्या काळी कुत्र्याचा परवाना काढावा लागे. बिनमालकाचा, बिनपरवान्याचा कुत्रा म्हणजे मरणच. मग बॉबीचे पैसे कोण भरणार? १८६७ साली नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनी ते भरले आणि त्याला पितळी पट्टा करून दिला. (आपल्या कपाटातला चेंबर्स शब्दकोश आहे ना, ती प्रकाशनसंस्था काढणाऱ्या दोघा भावांपैकीच हे एक!) म्हणजे बॉबी आता साऱ्या गावाचा झाला. तो पट्टा आम्ही एडिंबराच्या संग्रहालयात पाहिला. त्यावर बॉबीचे नाव आहे आणि सालही.

१८७३ चा पुतळा खरे तर पाणपोई होती. वर माणसांनी प्यावे, खाली कुत्र्यांनी. आता तिथे पाणी नाही. आणि पुढच्या वेळी त्याचे नाक चोळू नका हं, पुतळा झिजतो!