एसीत बसून कसला आलाय थकवा?

वस्तीतल्या बऱ्याच घरांत आता एखादा पोरगा किंवा पोरगी कंपनीत आहे. काम कॉम्प्युटरवर, पगार बरा. घरात फ्रिज आला, धाकट्याची फी वेळेवर गेली. तरीही सकाळी निघताना त्याचे तोंड पडलेले असते. रात्री आल्यावर तो कुणाशी बोलत नाही आणि रविवारची संध्याकाळ झाली की त्याच्या पोटात कळ येते. मग घरातून ठरलेला प्रश्न येतो, "एसीत बसून कसला आलाय थकवा?"

विचारणाऱ्या आईचेही चूक नाही. तिने भर उन्हात रस्ते झाडले, डोक्यावर पाट्या वाहिल्या. तिच्या हिशेबात थकवा म्हणजे घाम. आज या पानावर आपण घाम न येणाऱ्या थकव्याचा हिशेब पाहू.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि कॉम्प्युटरवरची कामे घरी आली. दोन-तीन वर्षे ती घरूनच चालली, कंपन्यांचा धंदाही चालू राहिला. मग परत बोलावणे आले. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला या म्हणून सांगितले. पुढच्या वर्षी हजेरी पगाराला जोडली. ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर तिमाहीचा बदलता भत्ता पूर्ण, ६० टक्क्यांच्या खाली गेली तर शून्य. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून ऑफिसातल्या नोकरांना पाच दिवस बंधनकारक केले. बाकीच्या कंपन्यांत कुठे आठवड्याला तीन दिवस, कुठे महिन्याला दहा. गेटवर कार्ड लावले की वेळ नोंदली जाते आणि ती नोंद साहेबाच्या स्क्रीनवर दिसते.

नाराजी सगळीकडे आहे. पण वस्तीतल्या घरात तिचे रूप वेगळे आहे, कारण आपण ऑफिसपासून लांब राहतो. कल्याण-उल्हासनगरहून ऐरोलीला जायचे तर आधी ठाण्यापर्यंत लोंबकळत, मग ट्रान्स-हार्बरची गाडी, मग रिक्षा. पुण्यात दापोडी किंवा ताडीवाला रोडवरून हिंजवडीला जायचे तर बस वाकडच्या पुलापाशी किती वेळ उभी राहील याचा भरवसा नाही. जाताना दीड तास आणि येताना दीड तास धरले तर महिन्याच्या २२ दिवसांत ६६ तास रस्त्यात जातात. म्हणजे आठ तासांचे आठ दिवस. त्याचा पगार कुणी देत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून पडून मेले. ऑफिसच्या वेळा मागेपुढे करा, अशी विनंती मध्य रेल्वेने कार्यालयांना केलेली आहे. गर्दीचे कारण रेल्वेला कळते, ऑफिसांना कळत नाही असे नाही.

हे ६६ तास येतात कुठून? कामातून कापता येत नाहीत, म्हणून झोपेतून कापले जातात. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. पाच तासांवर महिनोन्‌महिने काढले की रक्तदाब चढतो, साखर आटोक्यात राहात नाही, भूक वेळी-अवेळी लागते आणि तीही तळलेल्या-गोडाची. चिडचिड हे त्यातले सगळ्यांत आधी दिसणारे लक्षण. घर त्याला माज म्हणते.

घरून काम म्हणजे सुख होते असेही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, वर तापलेला पत्रा, लॅपटॉप स्टुलावर आणि पोरगी पाटावर. मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई गॅस बंद करायची. शेजारच्या हळदीचा स्पीकर तर बंद करता येत नव्हता. मान-पाठ तेव्हाच धरली गेली. नागपूर, अकोला, अमरावतीकडची पोरे गावी जाऊन काम करू लागली होती, त्यांना मात्र खोलीभाडे वाचले, आईच्या हातचे गरम मिळाले आणि म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात नेता आले. आता पुण्यात परत कॉट घ्यायची, मेसचे पैसे भरायचे. पगार तेवढाच आणि घरी पाठवायची रक्कम कमी. त्यांची नाराजी आळसातून आलेली नाही.

आणखी एक गोष्ट इंग्रजी वर्तमानपत्रांत सहसा येत नाही. ज्या काचेच्या इमारतीत पोराला परत बोलावले, तिथेच आपल्या आया-मावश्या हाउसकीपिंगला असतात, काके-मामे गेटवर वॉचमन असतात. ऑफिसे ओस पडली तेव्हा कंत्राटदाराने आधी त्यांनाच घरी बसवले. त्यांच्या कामाला 'घरून' असा पर्यायच नव्हता. मजले पुन्हा भरले तेव्हा त्यांची हजेरी लागली. म्हणजे एकाच घरात आई म्हणते, बरे झाले ऑफिस सुरू झाले, आणि मुलगा म्हणतो, वाट लागली. दोघेही खरे बोलतात. दोघांनाही कुणी विचारले नव्हते, हे त्यांच्यातले साम्य. आपल्या वेळेवर आपला काही ताबा नसणे, हाच कामाच्या ताणाचा एक मोठा भाग आहे. काम जड असले तरी माणूस ते पेलतो. कधी थांबायचे हे त्याच्या हातात नसले की शरीर सतत सावध राहते. छाती धडधडते, पोटात आम्ल वाढते, रात्री तीनला जाग येते.

सावध राहण्याची आपल्या पोरांना आणखी एक जादा पाळी असते. घरून काम होते तेव्हा स्क्रीनवर काम दिसायचे. ऑफिसात माणूस दिसतो. डब्यात काय आहे ते दिसते, १४ एप्रिलला रजा मागितली ते दिसते. "पूर्ण नाव काय?" "मूळ गाव कुठलं?" असे हसत हसत विचारले जाते आणि उत्तर ऐकून टेबलावरचा सूर बदलतो. खासगी कंपनीत आरक्षण नाही, तरी "तुमचं बरं आहे" हा टोमणा तिथेही असतो. अशा मुलाला टीमसोबत जेवायचे टाळावेसे वाटते, मग तो उपाशी राहतो किंवा जिन्यात उभ्याने वडापाव खातो. आपण त्याला अ‍ॅसिडिटीची गोळी आणून देतो. हा त्रास समुद्रापलीकडेही पोचला आहे. एका दलित अभियंत्याला वरिष्ठ भारतीयांनी जातीवरून डावलले, असा दावा कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने २०२० मध्ये सिस्को कंपनीवर लावला होता. कंपनीने आरोप नाकारले.

जादा तासांचे शरीरावर काय होते, याचा मोठा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये मांडला. आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तरी आपल्याकडे बडे उद्योगपती कधी ७० तास, कधी ९० तासांचा उपदेश करतात. त्यांचा ड्रायव्हर त्यांना दारात सोडतो. लोकलची धक्काबुक्की त्यांच्या तासांत धरलेली नसते.

२०२४ च्या जुलैत पुण्यात २६ वर्षांची एक सीए मुलगी नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच वारली. कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली, असे पत्र तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिले आणि ते देशभर वाचले गेले. कंपनीने ते कारण मान्य केले नाही. ते पत्र वाचून आपल्या कितीतरी पोरींनी गुपचूप ते मैत्रिणींना पाठवले, घरी मात्र दाखवले नाही.

कायदा काय म्हणतो हेही घरात माहीत हवे. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, तेव्हा सरकारात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याला ४८ तास हीच मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. दिवसाची मर्यादा ९ तासांची होती, ती १० करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. रात्रपाळीच्या बाईची संमती घेणे, तिची सुरक्षा आणि तिला घरी पोचवण्याची सोय हे मालकाचे काम आहे. मात्र व्यवस्थापकाच्या हुद्द्याला तासांचे हे नियम लागत नाहीत, म्हणून नेमणूकपत्रावर हुद्दा काय लिहिलाय ते वाचा. सुटीच्या वेळी साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे विधेयक लोकसभेत मांडले, पण ते खासगी विधेयक राहिले.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घरात मात्र आजपासून काही करता येते. पोरगा आला की पहिला अर्धा तास त्याला लाइटबिल, लग्न, भावकी यांतले काहीही विचारू नका. टीव्हीचा आवाज त्याच्या झोपेच्या वेळी कमी करा. एकाच खोलीत हे अवघड आहे हे ठाऊक आहे, पण बारावीच्या परीक्षेला आपण ते करतोच. मुलींबद्दल तर स्पष्टच सांगायचे. रात्री नऊला आलेल्या मुलीपुढे भांडी ठेवायची आणि भाऊ मोबाइल बघत बसायचा, हे बंद झाले पाहिजे. दोघेही कमावतात, दोघेही घासतील. प्रवासात सोय नाही म्हणून मुली पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात आणि मग जळजळ, ताप सुरू होतो. ऑफिसात पोचल्यावर आणि निघण्याआधी पोटभर पाणी पिऊन संडासला जाऊन यायची सवय लावा.

कामावर दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायचे, पाण्याची बाटली लहान ठेवली की भरायला आपोआप उठावे लागते. तिशीच्या आतही वर्षातून एकदा रक्तदाब मोजा. महापालिकेच्या दवाखान्यात तो फुकट मोजतात. १४० / ९० किंवा त्यावर दोन-तीन वेळा आला तर औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. छातीत दाब, हाताला मुंग्या, तोंड एका बाजूला वाकडे होणे यातले काही झाले तर गॅस समजून घरी थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा. झोप उडाली, जेवण सुटले, "नको वाटतं सगळं" असे शब्द तोंडी आले, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा फुकट नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि नाव विचारून कुणी कंपनीला कळवत नाही.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांनी पगाराची स्लिप आजच काढून पाहावी. त्यात ईएसआय नावाने ०.७५ टक्के कपात असते. हाउसकीपिंगच्या बाया आणि कॉल सेंटरची नवी पोरे बहुतेक त्यातच येतात, आणि तरीही ताप आला की खासगी डॉक्टरला पैसे मोजतात. या विम्यात स्वतःचा आणि घरच्यांचा उपचार होतो. शिवाय नियमाप्रमाणे कपातीचे दिवस भरले असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कपात होते पण कार्ड हातात नाही, असे असेल तर कंत्राटदाराकडे विमा क्रमांक मागा. टाळाटाळ केली तर स्लिप आणि आधार घेऊन ईएसआयसीच्या जवळच्या शाखेत जा.