भरीव पोलादी रिव्हेट : घरच्या कार्यशाळेतील जोडकाम

पोलादाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांतून आरपार छिद्र पाडावे, एका टोकाला घडीव डोके असलेला भरीव दांडा त्या छिद्रातून घालावा आणि पलीकडे बाहेर उरलेले त्याचे टोक ठोकून तेथेही डोके घडवावे, म्हणजे जो जोड तयार होतो तो रिव्हेटचा जोड होय. लोखंडी कढईचे कान, अडकित्त्याची खीळ आणि ट्रकच्या चासीचे आडवे दांडे याच तत्त्वाने जोडलेले असतात; १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल, ज्यात सुमारे २६,५०० टन पोलाद आहे, तोही नटबोल्टांऐवजी रिव्हेटांनीच सांधलेला आहे. पत्र्याच्या कामात सर्रास वापरला जाणारा पॉप रिव्हेट मात्र वेगळा असतो: तो पोकळ असून एकाच बाजूने खास पकडीने ओढून बसवता येतो, तर भरीव रिव्हेट बसवण्यासाठी जोडाच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचावा लागतो. वेल्डिंगने कारखान्यांतील बहुतेक रिव्हेटकाम संपवले असले, तरी जुनी यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणारे, हत्यारे घडवणारे आणि वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारे कारागीर हे काम आजही घरच्या बाकावर करतात. लंडनमध्ये १८९८ साली सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनीअर’ या नियतकालिकाभोवती अशा हौशी कारागिरांची जी परंपरा उभी राहिली, तिच्यात ओळीने बसवलेले एकसारखे रिव्हेट ही कौशल्याची खूण मानली जाते.

या जोडाचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकात झाला. मँचेस्टरचे अभियंते विल्यम फेअरबेर्न यांच्या कारखान्यातील बॉयलर-कारागिरांनी संप केला, तेव्हा फेअरबेर्न यांनी रिव्हेट दाबून बसवणारे यंत्र पुढे आणले; आणि त्याच काळात केलेल्या प्रयोगांतून त्यांनी असे दाखवले की अखंड पत्र्याची ताकद शंभर धरली, तर रिव्हेटांच्या दुहेरी रांगेच्या जोडाची ताकद सुमारे सत्तर आणि एकेरी रांगेच्या जोडाची सुमारे छप्पन्न भरते. छिद्रांनी पत्रा दुबळा होतो, ही या जोडाची मूळ किंमत आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. हाताने रिव्हेट मारण्याचे काम किती माणसांचे असते, हे १८८७ ते १८८९ या काळात उभारलेल्या आयफेल मनोऱ्यावरून कळते. तेथील सुमारे २५ लाख रिव्हेटांपैकी जे प्रत्यक्ष जागेवर बसवले गेले त्यांसाठी चौघांची टोळी असे: एक जण भट्टीत रिव्हेट तापवी, दुसरा तो छिद्रात घालून मागून धरी, तिसरा डोक्याला आकार देई आणि चौथा घण घाली. घरच्या कार्यशाळेत या चौघांची कामे एकाच कारागिराकडे येतात. म्हणून तेथे यश मनगटाच्या जोरापेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून राहते.

तयारीची सुरुवात रिव्हेटच्या निवडीपासून होते. रिव्हेटचे पोलाद मऊ, म्हणजे कमी कार्बनचे असावे लागते, कारण त्याला न तडकता पसरायचे असते; उच्च ताकदीच्या बोल्टचा दांडा कापून रिव्हेट करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. अर्धगोलासारख्या डोक्याला स्नॅप हेड म्हणतात आणि त्याचा व्यास दांड्याच्या व्यासाच्या १.६ पट, तर उंची ०.७ पट धरण्याचा प्रघात आहे. पत्र्याशी सपाट राहणाऱ्या, शंकूच्या आकाराच्या खळग्यात बसणाऱ्या डोक्याला काउंटरसंक म्हणतात. जोडायच्या सर्व थरांची मिळून जी जाडी होते तिला ग्रिप असे नाव असून, स्नॅप हेडसाठी ग्रिपच्या बाहेर दांड्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट लांबी उरावी लागते. सहा मिलिमीटरचा रिव्हेट आणि दहा मिलिमीटर ग्रिप असेल, तर दांडा सुमारे १९ मिलिमीटर हवा. लांबी जास्त झाली तर डोक्याभोवती धातूची झालर निघते किंवा दांडा एका बाजूला वाकतो. कमी पडली तर डोके पुरते भरत नाही आणि साच्याची कड पत्र्यात रुतून तेथे खाच पाडते. दीडपट हा केवळ आरंभबिंदू आहे, कारण छिद्र किती सैल आहे यावर दांड्याचा किती धातू आत खर्च होणार हे ठरते.

छिद्राच्या बाबतीत घरच्या कारागिराची स्थिती जुन्या कारखान्यांहून चांगली आहे, असे म्हणता येईल. पूर्वी जाड पत्र्यात पंचाने छिद्रे पाडत, त्यामुळे छिद्राच्या कडेचे पोलाद कडक होई आणि त्यात सूक्ष्म भेगा पडत. ड्रिलने पाडलेल्या छिद्रात हा दोष राहत नाही. दोन्ही पट्ट्या शिकंज्यात घट्ट धरून एकत्रच ड्रिल कराव्यात, मग त्या सुट्या करून दोन्ही बाजूंचा बर, म्हणजे छिद्राच्या कडेला उभा राहिलेला धारदार कचरा, साफ करावा, कारण दोन थरांत अडकलेला बर त्यांना कधीच पूर्ण मिटू देत नाही. थंड, म्हणजे न तापवता केलेल्या, रिव्हेटिंगसाठी छिद्र दांड्यापेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटरच मोठे ठेवावे. पुलांच्या तापवून मारलेल्या रिव्हेटांसाठी भारतीय मानकात २५ मिलिमीटर व्यासापर्यंत दीड मिलिमीटर सूट धरतात, तो हिशेब येथे लागू करू नये. छिद्राचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दीडपट आणि शेजारच्या छिद्रापासून साधारण तिप्पट अंतरावर असावा, नाहीतर रिव्हेट शाबूत राहून पत्राच फाटतो.

यानंतर जी गोष्ट येते तिच्याकडे नवशिक्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि ती म्हणजे डॉली. घडीव डोक्याखाली आधाराला धरलेल्या जड पोलादी ठोकळ्याला डॉली म्हणतात आणि त्यात डोक्याच्या आकाराचा वाटीसारखा खळगा कोरलेला असतो. हातोड्याच्या घावाची ऊर्जा दांडा चेपण्यात खर्च व्हायची असेल, तर खालचा आधार हलता कामा नये. तो हलका असला की घावासरशी रिव्हेट आणि डॉली दोन्ही मागे सरतात आणि दांडा फुगण्याऐवजी त्याचे फक्त टोक चपटे होते. म्हणून डॉली हातोड्याहून कित्येक पट जड असावी आणि शक्य तेथे ती ऐरणीवर किंवा जमिनीपर्यंत भार पोहोचवणाऱ्या ओंडक्यावर टेकवावी. व्हाइसच्या उघड्या जबड्यात धरलेली डॉली घावाखाली घसरते, शिवाय व्हाइसच्या स्क्रूला धोका पोहोचतो. खराब रिव्हेटची कारणे शोधू गेल्यास हातोड्यापेक्षा आधारातच ती अधिक वेळा सापडतात. खळगा घरी तयार करता येतो: हत्यारी पोलादाच्या गजाचे टोक लालबुंद तापवून त्यावर योग्य व्यासाची बेअरिंगची गोळी ठेवून ती ठोकून दाबली की वाटी उमटते, मग तो गज पुन्हा तापवून तेलात विझवावा आणि घासून उजळलेल्या पृष्ठभागावर गवती पिवळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा. खळगा डोक्यापेक्षा किंचित उथळ ठेवावा, म्हणजे त्याची कड पत्र्याला लागत नाही.

प्रत्यक्ष ठोकण्याला क्रम आहे. आधी दांडा छिद्रात घालून, मध्ये खोल छिद्र असलेले रिव्हेट-सेट नावाचे हत्यार दांड्यावर चढवून त्यावर ठोके द्यावेत, त्यामुळे दोन्ही थर एकमेकांना आणि घडीव डोक्याला भिडतात. मग दांड्याच्या टोकावर थेट, सरळ आणि भारी असे मोजके घाव घालावेत. या घावांनी दांडा छिद्राच्या आत फुगून भिंतींना टेकतो, आणि थंड रिव्हेटचा जोर मुख्यत्वे याच भरावावर असतो. त्यानंतर हातोड्याच्या गोल तोंडाने कडा चहूबाजूंनी उतरवाव्यात आणि शेवटी स्नॅप, म्हणजे वाटीसारखा साचा, टेकवून आकार पुरा करावा. सुरुवातीपासून हलके टकटक मारत राहिल्यास टोकच छत्रीसारखे पसरते आणि ठोकून ठोकून कडक झालेले पोलाद कडेने तडकते. रिव्हेट आधीच कडक वाटत असतील, तर ते लाल तापवून राखेत हळूहळू निवू दिले की नरम होतात. तीन मिलिमीटरचा रिव्हेट हलक्या हातोडीने सहज बसतो, सहाच्या रिव्हेटला किलोभर वजनाचा हातोडा लागतो, आणि त्याच आकाराचे डोके घावांऐवजी दाबाने घडवायचे तर पाच टन किंवा त्याहून अधिक बळ हवे, म्हणून काही कारागीर हायड्रॉलिक जॅक चौकटीत बसवून स्वतःचा प्रेस तयार करतात. वस्तीतील घरांत ही पद्धत शेजाऱ्यांच्याही सोयीची आहे. जुन्या बॉयलर-कारागिरांना हमखास येणारे बहिरेपण लक्षात घेता कानांचे संरक्षण आणि चष्मा यांत कसूर करू नये.

आठ-दहा मिलिमीटरच्या पुढे रिव्हेट तापवणे श्रेयस्कर ठरते. तो नारिंगी-पिवळा होईपर्यंत तापवावा, ठिणग्या उडू लागल्या तर तो जळाला असे समजून टाकून द्यावा आणि लाली असतानाच काम उरकावे. काळसर-निळ्या उष्णतेवर, म्हणजे साधारण दोनशे ते तीनशे अंश सेल्सियसला, पोलाद ठिसूळ वागते आणि त्या अवस्थेतले घाव घातक असतात. गरम रिव्हेटचा खरा लाभ निवताना मिळतो: वीस मिलिमीटर ग्रिपचा दांडा पाचशे अंशांनी निवला तर मोकळेपणी तो सुमारे ०.१२ मिलिमीटर आखडला असता, पण डोकी अडवत असल्याने ते आकुंचन ताणात बदलते आणि पत्रे आवळले जातात. थंड रिव्हेटमध्ये ही आवळ जवळजवळ नसते, पण त्याचा दांडा निवून आखडत नसल्याने छिद्र अधिक नीट भरलेले राहते. जस्त चढवलेले रिव्हेट तापवू नयेत, कारण जस्ताचा धूर अपायकारक असतो. बॉयलर किंवा दाबाखालचे कोणतेही भांडे तर घरी रिव्हेटने बांधूच नये.

अडकित्ता, सांडशी यांसारख्या हलत्या जोडात छिद्र भरायचे असते, पण पाती आवळायची नसतात. त्यासाठी पात्यांमध्ये पातळ कागद ठेवून रिव्हेट बसवतात आणि नंतर कागद काढून तेल सोडतात.

१९८४च्या भारतीय मानक ८००मध्ये यंत्राने मारलेल्या रिव्हेटला प्रतिचौरस मिलिमीटर १०० न्यूटन आणि हाताने मारलेल्याला ८० न्यूटन इतका कातर-ताण, म्हणजे दांडा आडवा कापू पाहणारा ताण, मान्य केलेला होता. या हिशेबाने सहा मिलिमीटरचा हाताने मारलेला एक रिव्हेट ढोबळमानाने सव्वादोनशे किलोचा भार पेलतो. हा अंदाज लागू पडतो तो फक्त छिद्र पुरते भरलेल्या रिव्हेटला, आणि बाहेरचे डोके सुबक आहे यावरून आत काय झाले हे कळत नाही. म्हणून खऱ्या कामाआधी त्याच जाडीच्या रद्दी पट्ट्यांत एक रिव्हेट मारून तो करवतीने उभा मधोमध कापावा; दांडा आणि छिद्राची भिंत यांत काळी रेघ दिसली, तर लांबी, छिद्र किंवा आधार यांपैकी काहीतरी चुकले आहे. तयार जोडात रेल्वेच्या पूल-तपासनीसांची रीत उपयोगी पडते: एका बाजूला डोके आणि पत्रा या दोहोंना स्पर्श होईल असे बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारावी, सैल रिव्हेटची हालचाल बोटाला जाणवते. असा रिव्हेट थंडच पुन्हा ठोकून घट्ट करू नये. त्याचे डोके ड्रिलने उतरवून दांडा पंचाने बाहेर काढावा, छिद्र साफ करावे आणि गरज पडल्यास पुढच्या मापाचा नवा रिव्हेट बसवावा.