सुट्ट्या विकायच्या की घ्यायच्या? 'लीव्ह एन्कॅशमेंट'चा खरा हिशोब समजून घ्या

डिसेंबर लागला की ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये एचआरचा एक मेल हमखास येऊन पडतो. "तुमच्या खात्यावर इतक्या रजा शिल्लक आहेत. ३१ डिसेंबरच्या आत वापरा, नाहीतर रद्द होतील." काही कंपन्या त्याखाली आणखी एक ओळ टाकतात. "एन्कॅश करायच्या असतील तर हा फॉर्म भरा."

मग कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू होते. एक गट म्हणतो, फुकटचे पैसे मिळतायत तर घ्यायचे की! दुसरा म्हणतो, अरे, पैसा काय येईल जाईल, आठ दिवस गावी जाऊन ये. दोन्ही बाजू पटतात आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत फॉर्म भरला जातो.

पण हे पैसे खरंच फुकटचे असतात का? तुमची एक सुट्टी कंपनी नेमकी किती रुपयांना विकत घेते? आणि ती विकायचीच असेल तर योग्य वेळ कोणती? एकेक बघू.

आधी हे समजून घ्या, कोणती रजा विकता येते?

सगळ्या रजा विकता येत नाहीत. रोखीत बदलते ती साधारणपणे अर्जित रजा. ऑफिसात हिला ईएल किंवा पीएल म्हणतात. नावातच अर्थ आहे. ही रजा तुम्ही काम करून कमावलेली असते. सरकारी कागदांवर तिचे पैसे घेण्याला 'रजा रोखीकरण' असा शब्द आहे.

किरकोळ रजा, म्हणजे सीएल, सहसा वर्षाअखेरीस संपून जाते. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा दिल्या आहेत, पण न वापरल्यास त्या वर्ष संपताना रद्द होतात. त्यामुळे पहिला साधा नियम असा की एखाद्या दिवसाचं काम असेल तर आधी सीएल वापरा आणि ईएल राखून ठेवा. अनेक जण नेमकं उलटं करतात.

कायदा काय सांगतो?

याच २०१७ च्या कायद्यानुसार वर्षात किमान २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. मात्र लहान आस्थापनांना हा कायदा लागू होत नाही. शिवाय तुम्ही व्यवस्थापकीय पदावर असाल, तर तुमचं नियुक्तिपत्र आणि कंपनीची रजा पॉलिसी हाच तुमचा कायदा.

कारखान्यांसाठी १९४८ चा कारखाने अधिनियम होता. त्यातही २० दिवसांना एक रजा असंच सूत्र होतं आणि पुढच्या वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस नेता यायचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत रजेबद्दल दोन महत्त्वाचे बदल आहेत. रजेसाठी पात्र व्हायला २४० ऐवजी १८० दिवस काम पुरेसं आहे. आणि वर्षाअखेरीस कामगार स्वतः मागणी करून रजेचे पैसे घेऊ शकतो. शिल्लक रजा ३० दिवसांच्या वर गेली, तर वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. पण इथेही 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांनाच हा हक्क आहे. व्यवस्थापक आणि महिना १८ हजारांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक त्यातून बाहेर आहेत.

सरकारी नोकरीत गणित वेगळं आहे. तिथे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ३०० दिवसांपर्यंत साठवून निवृत्तीच्या वेळी रोख घेता येते.

एका सुट्टीचा भाव किती?

आता मुख्य मुद्दा. समजा तुमचा महिन्याचा पगार ५०,००० रुपये आहे आणि त्यात बेसिक २५,००० आहे. तुम्ही १० दिवसांची रजा विकताय.

बऱ्याच खासगी कंपन्या रजेचे पैसे पूर्ण पगारावर देत नाहीत, फक्त बेसिकवर देतात. बेसिकला ३० ने भागलं की एका दिवसाचे ८३३ रुपये होतात. १० दिवसांचे झाले ८,३३३. काही कंपन्या २६ ने भागतात. तेव्हा हाच आकडा ९,६१५ होतो. पूर्ण पगाराला ३० ने भागणारी कंपनी मिळाली तर १६,६६७.

आता दुसऱ्या बाजूने बघा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर महिन्यात साधारण २२ दिवस काम होतं. म्हणजे तुमच्या कामाच्या एका दिवसाचा पगार पडतो ५०,००० भागिले २२, म्हणजे सुमारे २,२७३ रुपये. १० दिवसांचे झाले २२,७२७.

रजा विकली नसती, तर ते १० दिवस तुम्ही घरी असता आणि पगार तेवढाच आला असता. रजा विकली, म्हणजे तुम्ही वर्षात १० दिवस जास्तीचं काम केलं. ज्या कामाचे एरवी २२,७२७ रुपये होतात, त्याचे तुम्हाला ८,३३३ मिळाले. रुपयाला सदतीस पैसे!

फॉर्म भरताना हे लक्षात येत नाही, कारण रक्कम पगाराच्या वर आलेली दिसते. बोनससारखी वाटते. प्रत्यक्षात तो जादा कामाचा मोबदला आहे आणि तोही कमी दराने. ओव्हरटाइमला कायद्यात दुप्पट दराची तरतूद आहे, हे आठवलं की फरक आणखी डोळ्यात भरतो.

एक गोष्ट मात्र तपासा. काही ठिकाणी, विशेषतः सरकारी नोकरीत, अर्जित रजेच्या मधे आलेले रविवार आणि सुट्ट्याही रजेतच मोजले जातात. तिथे ३० ने भागणं रास्त ठरतं. तुमच्या कंपनीत रजा मोजताना फक्त कामाचे दिवस धरत असतील आणि पैसे देताना मात्र ३० ने भागत असतील, तर विकण्याचा सौदा तुमच्या तोट्याचा आहे.

टॅक्स लागतो का?

लागतो, आणि इथे वेळ फार महत्त्वाची ठरते.

नोकरीत असताना रजा विकली तर ती रक्कम पूर्णपणे करपात्र आहे. ती तुमच्या पगारात मिळवली जाते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर शून्य आहे, त्यामुळे त्यांना झळ बसत नाही. पण महिना दीड लाख पगार आणि ७५,००० बेसिक असणाऱ्याने १० दिवस विकले, तर मिळणाऱ्या २५,००० रुपयांवर उपकरासह २०.८ टक्क्यांनी ५,२०० रुपये कर जातो. हातात येतात १९,८००.

हीच रजा निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना रोख घेतली, तर नियम बदलतात. सरकारी कर्मचाऱ्यांना ती रक्कम पूर्ण करमुक्त आहे. खासगी कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा वर्षानुवर्षं ३ लाख होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख झाली. मात्र ही २५ लाखांची मर्यादा आयुष्यभराची आहे, प्रत्येक नोकरीला नवी मिळत नाही. शिवाय शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरी पगाराइतकीच रक्कम करमुक्त धरणं अशा आणखीही अटी आहेत.

पीएफबाबत एक दिलासा आहे. रजा रोखीकरणाची रक्कम मूळ वेतनात धरायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे त्यातून पीएफ कापला जात नाही.

मग साठवून ठेवणं सगळ्यात फायद्याचं?

पैशाच्या भाषेत, बऱ्याचदा हो. रजेचा हिशोब शेवटच्या पगारावर होतो. १० वर्षांपूर्वी बेसिक २०,००० असताना कमावलेली रजा आज बेसिक ५०,००० असताना रोख घेतली, तर पैसे ५०,००० च्या हिशोबाने मिळतात. म्हणजे रजा तुमच्या पगारासोबत वाढत जाते.

म्हणूनच सरकारी कर्मचारी ३०० दिवस जपून ठेवतात. निवृत्तीवेळी बेसिक आणि महागाई भत्ता मिळून एक लाख असेल, तर ३०० दिवसांचे १० लाख रुपये एकरकमी मिळतात, तेही करमुक्त.

खासगी नोकरीत साठवणुकीला मर्यादा असते. कुठे ३०, कुठे ४५. त्या मर्यादेपर्यंत साठा ठेवणं शहाणपणाचं. घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, अचानक नोकरी गेली, तर हाच साठा उपयोगी पडतो. प्रश्न उरतो मर्यादेच्या वरच्या रजांचा. त्या घ्यायच्या किंवा विकायच्या. वाया मात्र घालवायच्या नाहीत.

'साहेब रजाच देत नाहीत', मग काय?

खूप जणांची खरी अडचण ही आहे. गणपतीला कोकणात जायचं असतं, लग्नसराईत चार दिवस हवे असतात. साहेब तोंडी म्हणतात, "आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना येतच नाही आणि वर्षाअखेरीस रजा रद्द होतात.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, पण एक अट आहे. अर्ज लेखी हवा आणि साधारण १५ दिवस आधी केलेला हवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात असा अर्ज नाकारला गेला, तर ४५ दिवसांच्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. केंद्राच्या नव्या संहितेत, आणि आधीच्या कारखाने कायद्यातही, नाकारलेली रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते.

तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही. मेलवर किंवा एचआरच्या पोर्टलवर टाकलेला अर्ज मात्र राहतो. साहेब 'नाही' म्हणणार हे माहीत असलं तरी अर्ज टाका.

नोकरी सोडताना कंपनी शिल्लक रजेचे पैसे द्यायला टाळाटाळ करते, हीही नेहमीची तक्रार. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ग्रामीण बँकेच्या दोन माजी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटलं की रजा रोखीकरण हे पगारासारखंच आहे आणि ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. कायद्याचा आधार नसताना ती हिरावून घेता येणार नाही.

काही देशांत सुट्टी विकायलाच बंदी आहे

युरोपियन युनियनमध्ये वर्षाला किमान ४ आठवडे भरपगारी रजा आहे आणि तिच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत. अपवाद एकच, नोकरी संपली तर. यामागचा विचार सोपा आहे. पैशाचा पर्याय ठेवला, की गरज असलेला माणूस विश्रांती विकणारच आणि कंपनीही तेच सुचवणार.

जपानमध्ये लोक रजा घेतच नाहीत, हा जुना प्रश्न होता. तिथे एप्रिल २०१९ पासून १० किंवा जास्त दिवस रजा मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षात किमान ५ दिवस रजा घ्यायला लावणं मालकावर बंधनकारक झालं.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे, थोड्या वेगळ्या कारणाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांमधल्या संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस पूर्वसूचना न देता सलग रजेवर पाठवावं लागतं. कारण घोटाळा लपवणाऱ्याला रोज खुर्चीत बसावं लागतं. तो दहा दिवस दूर गेला की गडबड बाहेर येते. जाता जाता हेही सिद्ध होतं की एक माणूस दहा दिवस नसला तरी बँक चालते. तुमचं ऑफिसही चालेल.

मग ठरवायचं कसं?

फॉर्म भरण्याआधी एचआरला चार प्रश्न विचारा.

१. पैसे बेसिकवर मिळणार की पूर्ण पगारावर?
२. भागणार कितीने, २६ की ३०?
३. पुढच्या वर्षात किती रजा नेता येतात?
४. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे मिळतात का?

उत्तरं मिळाली की रजेचे तीन वाटे करा. पहिला वाटा अडीनडीसाठी, पुढे नेता येईल तेवढा. दुसरा वाटा घेण्यासाठी. त्याच्या तारखा जानेवारीतच ठरवून अर्ज टाका, कारण डिसेंबरात सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. यानंतरही रद्द होणाऱ्या रजा उरल्या, तर त्या तिसऱ्या वाट्यात. तो खुशाल विका.

घरात कर्जाचा हप्ता थकलाय, मुलांची फी भरायची आहे, तर क्रम बदलेल आणि त्यात काही चूक नाही. गरजेला आलेले आठ हजार हे आठ हजारच असतात. फक्त विकताना भाव माहीत असू द्या. भाजी घेताना आपण दोन ठिकाणी दर विचारतो, स्वतःचे दहा दिवस देताना एकदा तरी विचारायला हवा.