हवेला घातलेले टाके

गोधडीत कापूस भरलेला नसतो, लोकरही नसते. असतात ती विरलेली सुती लुगडी, जुन्या धोतराचं अस्तर आणि या सगळ्यांतून आरपार गेलेला साधा धावदोरा. मग पौषातल्या पहाटे एवढी ऊब येते कुठून? ती देते थरांमध्ये अडकलेली हवा. हवा जागची हलली नाही, तर अंगातली उष्णता ती फार सावकाश बाहेर जाऊ देते. धावदोऱ्याने कापड किंचित चुणतं, दोन ओळींमध्ये बारीक फुगवटे उठतात आणि त्या प्रत्येकात थोडीशी हवा मुक्कामाला राहते. आपण ज्याला नक्षी समजतो, ती या हवेची कोठारं आहेत!

नऊवारीचं माप पाहून तर थक्क व्हायला होतं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. ते लुगडं चौपदरी घातलं, की दोन मीटरहून थोडी जास्त लांबी मिळते. माणूस पाय पसरून झोपेल एवढी, आणि तीही चार थरांची. पन्हा एकट्याच्या पांघरुणाला पुरतो. कात्री लावावीच लागत नाही.

जुनंच कापड का, याचंही उत्तर काटकसरीपाशी संपत नाही. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा रंग सुटायचा तो सुटून गेलेला असतो, खळ उरलेली नसते, म्हणून चार-सहा थरांतूनही सुई अलगद जाते. नव्या कोऱ्या कापडावर शिकणाऱ्याची बोटं लवकर दुखतात. शिवाय एक थर आटतो, दुसरा नाही, आणि पहिल्याच धुण्यात गोधडी वेडीवाकडी होते.

सुरुवात दुपट्यापासून करावी. हात-सव्वा हाताचा चौकोन पुरे. थर जमिनीवर पसरून सुरकुत्या काढा, मधून बाहेरच्या बाजूला लांब लांब कच्चे टाके घाला, म्हणजे आतलं कापड सरकणार नाही. लागतं काय, तर जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याची सुई आणि मधल्या बोटाला अंगुस्तान. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा ओढून ताणू नका. तो ताणला की फुगवटे दबतात आणि दोरा लवकर तुटतो.

आता थोडा हिशेब. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद गोधडीवर दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घातल्या, तर शिवण होते सुमारे सव्वाशे मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला, तरी बारा हजारांच्या वर टाके! आणि नेटक्या हाताचे टाके याहून बारीक असतात.

उत्तर कन्नडातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, पाहिली, की धावदोऱ्याची आणखी एक वाट दिसते. सिद्दींच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. आज त्यांच्यातले बरेच जण कोकणी बोलतात. या बायका आधी तुकडे जोडून मग अस्तर लावत नाहीत. अस्तराच्या कोपऱ्यापासून एकेक तुकडा ठेवत, शिवत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत पोचतात. जोडणं आणि शिवणं एकाच दोऱ्यात होतं. चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ लावल्याशिवाय त्यांना कवंद पुरी झाली असं वाटत नाही.

वाचायचं असेल तर पॅट्रिक फिन यांचं भारतीय गोधड्यांवरचं ‘क्विल्ट्स ऑफ इंडिया’ शोधावं, आणि सिद्दींच्या कामासाठी हेन्री ड्रेवल यांचं लेखन. पण माझ्या मते यांच्याआधी घरातली जुनी गोधडी उलटी करून उजेडात धरावी. मागच्या बाजूला शिवणारीचा सगळा कारभार उघडा असतो: दोरा कुठे संपला, गाठ कुठे लपवली, कोपऱ्यावर ओळ कशी वळवली. एखादा कोपरा फाटलेला असेल, तर तिथून हलक्या हाताने चार टाके उसवून पाहा. पुष्कळदा आत आणखी जुनी गोधडी सापडते, तिचे टाके शाबूत. ती तशीच राहू द्या, वर नवा थर घाला आणि जुन्या ओळींच्या मधल्या जागेतून दोरा घ्या.